आशाताईंची घरभेट: बाळाची शी बघून सांगणारं हक्काचं माणूस

बाळ झाल्यावर घरात पहिले काही आठवडे एकच चर्चा असते. शी झाली का, किती वेळा झाली, पातळ का, आज हिरवी कशी? आमच्याकडे आईचं मत एक, आजीचं दुसरं आणि फोनवरून सासूबाईंचं तिसरं. या सगळ्यात जिच्या शब्दावर मी निर्धास्त झोपू शकले, ती आमच्या गावची आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतली गावातलीच आरोग्य स्वयंसेविका. तिच्या घरभेटींबद्दल सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या पुण्यातल्या निम्म्या मैत्रिणींना अशी सेवा असते हेच माहीत नव्हतं.

मी जुन्नर तालुक्यात माहेरी होते. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर बाळाच्या 3ऱ्या, 7व्या, 14व्या, 21व्या, 28व्या आणि 42व्या दिवशी आशाताई घरी येते. घरी प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट वाढते. एक रुपया लागत नाही. जिथे माझी प्रसूती झाली तिथे सोडताना लसींच्या तारखा, टाक्यांची काळजी, बिल, सगळं नीट समजावलं होतं. शीबद्दल मात्र चकार शब्द नव्हता. आणि घरी आल्यावर पहिल्या रात्रीपासून प्रश्न पडले ते तेवढेच.

आशाताई आली की आधी साबण मागते. बांगड्या मागे सारून कोपरापर्यंत हात धुते आणि पुसायला टॉवेल दिला तरी घेत नाही, हात हवेतच वाळवते. मग काखेत थर्मामीटर. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट बाळाचा श्वास मोजते. तेवढ्या वेळात कुणी बोललं की डोळ्यांनीच गप्प करते. नाळ बघते. मग झोळीचा वजनकाटा काढते, आधी रिकामी झोळी टांगून काटा शून्यावर आहे ना ते बघते, आणि मगच बाळ झोळीत. सगळ्यात शेवटी म्हणते, “आता लंगोट दाखव.” धुतलेला नको, भरलेला हवा. तो घेऊन खिडकीपाशी जाते आणि उजेडात बघते. फोनवर शंभर फोटो पाठवले असते तरी मला एवढा विश्वास वाटला नसता.

पहिल्या भेटीत तिचा पहिला प्रश्न होता, “काळी शी कधी झाली?” पहिली शी काळी-हिरवट, डांबरासारखी चिकट असते. बाळानं पोटात असताना गिळलेलं गर्भजल, लव, पित्त असं सगळं त्यात असतं. ती जन्मानंतर 24 तासांत व्हायला हवी. झाली नाही तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, कारण क्वचित आतड्यात जन्मजात अडथळा असतो. अंगावरचं दूध नीट उतरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग हिरवट-तपकिरी होतो आणि पाचव्या दिवसाच्या सुमाराला पिवळा. आमच्या बाळाच्या पिवळ्या शीत मोहरीसारखे बारीक दाणे दिसले तेव्हा आजी म्हणाली, दूध पचत नाहीये. आशाताईनं तोच लंगोट आजीपुढे धरला. “आजी, हीच चांगली शी. अंगावर पिणाऱ्या बाळाची अशीच पातळ, दाणेदार असते. तुमच्या लेकीचीपण अशीच होती, आठवा.” आजी गप्प बसली. पटलं म्हणूनच, नाहीतर ती गप्प बसणाऱ्यातली नाही.

पहिल्या महिन्यात काही बाळांना प्रत्येक वेळी पाजल्यावर शी होते. पोटात दूध गेलं की आतडं आपोआप हलतं, म्हणून. त्याला जुलाब समजून औषध द्यायचं नाही. शी एकदम पाण्यासारखी झाली, नेहमीपेक्षा खूपच वाढली, बाळ मलूल पडलं, पिईना किंवा शू कमी झाली तर ते जुलाब. पावडरचं दूध पिणाऱ्या बाळाची शी घट्टसर असते, रंग मातकट आणि वेळाही कमी. माझ्या चुलत जावेचं बाळ तसं होतं. तिच्या आणि माझ्या लंगोटांची तुलना घरात रोज व्हायची; ती बंद झाली हा मोठाच फायदा.

दुसरी भीती कुंथण्याची. बाळ लालबुंद होतं, पाय पोटाशी घेतं, दहा-दहा मिनिटं रडतं आणि शेवटी मऊ शी करतं. शेजारच्या काकू विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घेऊन आल्या होत्या. आशाताई तेव्हा घरातच होती म्हणून बरं. तिनं काकूंचा मान ठेवून, पण ठामपणे सांगितलं की देठ नको, साबणाची कांडी नको, एरंडेल तर नकोच. पोटातून जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचा भाग सैल सोडायचा, हे बाळ अजून शिकत असतं. शी मऊ असेल तर ते बद्धकोष्ठ नव्हे. आपण देठ घालत राहिलो तर त्या शिकण्यात उलट अडथळा येतो, आणि नाजूक जागेला इजा होते ती वेगळीच. सहाणेवरची गुटीही तिनं बाजूला ठेवायला लावली. सहा महिने पाणीसुद्धा नाही, मध तर वर्षभर नाही. मालिश मात्र आजीकडेच राहिली.

या सेवेचा पाया आपल्याच महाराष्ट्रात घातला गेला, याचा मला फार अभिमान वाटतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. 39 गावांत हे काम झालं आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि 2011 मध्ये केंद्र सरकारनं घरभेटींची ही योजना देशभर आणली.

आता तक्रारी. मोठी तक्रार वेळापत्रकाची आहे. या फेरीतली शेवटची भेट 42व्या दिवशी, आणि त्यापुढची भेट थेट बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर. नेमकं सहा आठवड्यांच्या आसपास अंगावर पिणाऱ्या बाळाचं गणित बदलतं. रोज चार-पाच वेळा शी करणारं बाळ चार-चार दिवस, कधी आठवडाभर करत नाही. मऊ शी, मऊ पोट, दिवसाला सहा तरी ओले लंगोट आणि वाढतं वजन, एवढं असेल तर ते नॉर्मल. पण हे घरच्यांना सांगायला तेव्हा कुणी येत नाही, आणि एरंडेलाची बाटली बाहेर निघते ती याच काळात. आमच्या ताईनं शेवटच्या भेटीतच बजावून ठेवलं होतं, पुढे फोनही उचलला, म्हणून आम्ही तरलो. हे एका ताईच्या चांगुलपणावर सोडू नये. अडीच महिन्यांच्या सुमाराला एक भेट हवीच.

दुसरं, रंगाचं चित्र हवं. शी पांढुरकी, खडूसारखी किंवा फिक्या मातीसारखी दिसली, आणि त्यात कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकून असेल, तर पित्ताची नळी बंद असण्याची शक्यता असते. तिची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर फायदा जास्त होतो, म्हणून एक दिवसही थांबायचं नाही. तैवानमध्ये 2004 पासून देशभर आयांना शीच्या रंगांचं कार्ड देतात; घरीच जुळवून बघता येतं. मला मिळालेल्या माता-बाल कार्डात तसं चित्र मला दिसलं नाही. आशाताईनं तोंडी सांगितलं होतं: पांढरी, रक्ताची, किंवा पहिल्या दिवसांनंतर पुन्हा काळी शी झाली, हिरवी उलटी झाली, पोट फुगून कडक झालं, तर तिलाही फोन न करता थेट दवाखाना गाठायचा.

तिसरी तक्रार तिच्या वतीनं. या सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या, फॉर्म भरला, की केंद्राच्या दरानं तिला मिळतात 250 रुपये. एका भेटीचे नाहीत, सगळ्या मिळून. उन्हातान्हात पायी येऊन तासभर बसणाऱ्या बाईच्या कामाची ही किंमत मला संतापजनक वाटते.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर सातव्या-आठव्या महिन्यातच तिथल्या उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत जाऊन आशाताईंचा नंबर घ्या आणि प्रसूती झाल्याच्या दिवशीच कळवा, नाहीतर तिसऱ्या दिवसाची भेट हुकते. सासरची नोंद असली तरी सांगा. आणि ती येईल त्या सकाळचा एक लंगोट धुवायला टाकू नका.