फॅन विकीचा संदर्भ-साचा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

परवा रात्री दिवसाचा अख्खा दीड जीबी डेटा एका वाक्यापायी संपला. आमच्या फॅन विकीवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या चाहत्यांनी मिळून लिहिलेल्या ज्ञानकोशात, एका रणनीती खेळाच्या पानावर लिहिलं होतं की अमुक गटाचे घोडेस्वार मुद्दाम कमकुवत केले, असं खुद्द डिझायनरनेच सांगितलंय. पुढे संदर्भही होता. व्हिडिओचं नाव, चॅनेल, तारीख, दुवा, सगळं जागच्या जागी. व्हिडिओ मात्र एक तास बावन्न मिनिटांचा, उपशीर्षकं नाहीत, आणि वाक्य कितव्या मिनिटाला आहे याचा पत्ता नाही. फोंड्यात पावसाने ब्रॉडबँड गेलेलं, म्हणून मोबाइलवर बघत बसलो. एक तास सदतिसाव्या मिनिटाला सापडलं. डिझायनर म्हणाला होता, त्यांना कमकुवत करायचा विचार चाललाय. केलं, असं तो कुठेच म्हणाला नव्हता.

फेब्रुवारीपासून मी या विकीवर संदर्भ तपासायचं काम करतोय. संदर्भ-साचा म्हणजे संदर्भाचा तपशील भरायचे ठरावीक रकाने; तो कसा भरायचा ते इथल्या वाचकांना सांगायला नको. चांगलं आधी सांगतो. संदर्भाला एकदा नाव दिलं की तोच चौदा ठिकाणी वापरता येतो, हे फार सोयीचं. एकाच नावाखाली दोन वेगळे मजकूर भरले की पानाच्या तळाशी लाल अक्षरांत चूक दिसते. सुरुवातीला तिचा वैताग यायचा. आता वाटतं, दिसते तेच बरं.

‘पाहिल्याची तारीख’ (दुवा आपण कधी उघडून पाहिला) या रकान्याबद्दल मात्र माझं मत साफ बदललं. मार्चमध्ये चर्चा पानावर मीच लिहिलं होतं की हा रकाना काढून टाका, उगाच टायपिंग वाढतं. जूनमध्ये एका खेळाच्या कंपनीने जुना फोरम हलवला आणि आमचे एकेचाळीस दुवे एका रात्रीत मेले. जुनी वेबपानं जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पानांच्या जुन्या प्रती होत्या, पण एकेका पानाच्या सात-आठ. पॅच नोट्स, म्हणजे खेळातल्या बदलांच्या नोंदी, नंतरही दुरुस्त होत राहतात, त्यामुळे प्रत्येक प्रतीत आकडे वेगळे. कोणती प्रत खरी धरायची? जिथे पाहिल्याची तारीख होती तिथे दोन मिनिटांत उत्तर मिळालं. जिथे नव्हती, तिथले नऊ आकडे अजून लटकलेत. मी ती मागणी मागे घेतलीय. हल्ली आधी पान आर्काइव्हमध्ये जतन करतो, मग संदर्भ लिहितो. ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला झाल्यावर इंटरनेट आर्काइव्हसुद्धा काही दिवस बंद होतं, म्हणून महत्त्वाचं अवतरण साच्यातच उतरवून ठेवतो.

एवढा खटाटोप कशाला, असं घरचे विचारतात. चवथीला सगळे जमलो होतो, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधून झाली आणि भाचा म्हणाला, “मामा, सिव्हिलायझेशनमधला गांधी अणुबॉम्ब टाकतो, तो बगच ना?” बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. सिव्हिलायझेशन या खेळमालिकेबद्दल त्याने ऐकलेली गोष्ट सगळ्यांनीच ऐकलीय: १९९१ च्या पहिल्या खेळात गांधींची आक्रमकता १, लोकशाही आली की २ ने कमी, उणे आकडा साठवता येत नाही म्हणून थेट २५५, म्हणजे सर्वाधिक. ऐकायला इतकी पटणारी की कुणी तपासलीच नाही. खेळाचा निर्माता सिड मायरने २०२० मधल्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं की असा बग नव्हताच. ही गोष्ट २०१२ मध्ये एका विकीवर कुणीतरी आधाराशिवाय घातली आणि तिथून सगळीकडे पसरली. पाचव्या भागात गांधींची अण्वस्त्रांची ओढ खरंच वाढवलेली आहे, पण ती डिझायनरने जाणूनबुजून, गंमत म्हणून. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, “कुठे लिहिलंय दाखव.” मला त्याचा अभिमान वाटला.

आता मूळ तक्रार. व्हिडिओच्या साच्यात मिनिटाचा रकाना नाही. चार महिने मागतोय. प्रशासक म्हणतात, दुव्यातच वेळ घाला. घालून बघितली. सफाईचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) येतो, दुव्याची शेपटी ‘अनावश्यक’ म्हणून छाटतो, वेळ गेली. पुस्तकाच्या साच्यात पान क्रमांक आहे, खेळातल्या संवादाच्या साच्यात आवृत्ती क्रमांक आहे, मग व्हिडिओनेच काय घोडं मारलंय? आमचे बाबा जत्रेच्या नाटकांत कामं करायचे. त्यांच्या परीक्षणांची कात्रणं फाइलमध्ये आहेत आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख नि पान लिहिलेलं आहे. दोनच कात्रणांमागे काही नाही. त्या दोन प्रयोगांचं साल आज घरात कुणालाच सांगता येत नाही. बाबांना विचारायची सोयही राहिली नाही. मला रकाना हवाय तो म्हणून. माझा डेटा जातो, तसा माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकाचा जाणार. शिवाय दोन तास बघायला वेळ कुणाकडे असतो? न बघताच पुढे जातात आणि चुकीचं वाक्य पानावर तसंच राहतं.

तोवर मी अवतरणाच्या रकान्यातच सुरुवातीला वेळ लिहितोय. तिथे बॉट हात लावत नाही. दोनशे दहा व्हिडिओ संदर्भांपैकी त्रेसष्ट झाले. घोडेस्वारांचं वाक्यही बदललं: “बदलाचा विचार असल्याचं डिझायनरने सांगितलं.” संदर्भात १:३७:१० लिहिलंय.