झुंजार की वीरधवल?

जळगावच्या वैशाखात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, तेव्हा वाचनालयातून कोणते विस्मृतीत गेलेले पुस्तक आणावे, असे विचारणाऱ्याला मी बाबूराव अर्नाळकरांची एखादी झुंजारकथा (झुंजार या नायकाची रहस्यकथा) आणि नाथमाधवांची १९१३ची ‘वीरधवल’ ही कादंबरी अशी दोन नावे सांगतो.

हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांची छोटी पुस्तिका भुसावळहून सुरतेच्या गाडीत नंदुरबार येण्याआधीच संपते. प्रवासाला तीच बरी.

सवडीने वाचायचे असेल तर माझा कौल अद्भुतरम्य ‘वीरधवल’ला आहे. तिची जुन्या वळणाची वाक्ये सुरुवातीला अडखळवतात (आमच्या प्रतीची पहिली पाने तर डिंकाने चिकटवलेली आहेत), परंतु एकदा गोडी लागली की माठातले पाणी प्यायला उठणेही जिवावर येते.