सॉइल रिपोर्टचं ठरावीक पॅकेज: बंगल्याला पुरेल, हॉस्पिटलला नाही

चार-पाच बोअर, दर दीड मीटरला एस.पी.टी. (नळी ठोकून मातीचा घट्टपणा मोजणं), खडक लागला की थोडं कोअरिंग (खडकाचा दंडगोल नमुना काढणं) आणि शेवटी बाइंड केलेला रिपोर्ट. माती तपासणाऱ्या बहुतेक लॅबचं कोटेशन असंच असतं, मग खाली बंगला येणार असो की शंभर खाटांचं हॉस्पिटल. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण अशा दख्खनी जमिनीवर ही सेवा घ्यावी का? घ्यावीच. फक्त कोटेशन आलं तसं सही करून परत पाठवू नये.

पहिली खोट बोअरच्या जागांची. आय.एस. १८९२ या भारतीय मानकानुसार साधारण ०.४ हेक्टरच्या प्लॉटला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर पुरतो, आणि पॅकेज तेवढ्यावरच थांबतं. पण हॉस्पिटलचं वजन सगळीकडे सारखं नसतं. रेडिओथेरपीच्या बंकरची (किरण अडवणाऱ्या खोलीची) काँक्रीटची भिंत दोन मीटर जाड आणि चार मीटर उंच धरली, तर एका मीटर लांबीला सुमारे वीस टन होतात. शेजारची ओपीडी त्यामानाने हलकी. दोन्हींखालची जमीन वेगवेगळी दबली की सांध्यात तडा ठरलेला. म्हणून बंकरच्या आत किमान एक बोअर वेगळा मागावा, लिक्विड ऑक्सिजनच्या टाकीच्या ओट्याखाली आणखी एक. हा ओटा तर नकाशावर बहुधा बोअर मारून झाल्यावरच उमटतो!

एस.पी.टी. स्वस्त आणि उपयोगी, पण बिघडवायला तितकीच सोपी. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सें.मी.वरून मोकळा पडला पाहिजे. नळी १५-१५ सें.मी.च्या तीन टप्प्यांत ४५ सें.मी. आत जाते. पहिल्या टप्प्याचे ठोके सोडून द्यायचे, उरलेल्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन. दोर ड्रमला जास्त वेढे घालून सोडला, तर हातोड्याचा जोर दोरातच मुरतो, ठोके वाढतात आणि माती आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. बोअरच्या तळातला गाळ न काढता ठोकलं तर आकडा गाळाचाच येतो. हॉस्पिटलच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण आय.एस. १८९३ हे भूकंपाचं मानक त्याला १.५ चा महत्त्व-गुणक लावतं, म्हणजे भूकंपाचा जोर दीडपट धरतं, आणि जमिनीचा प्रकारही याच एनवरून ठरतो. रिपोर्टमध्ये तो प्रकार लिहिलेला नसेल, तर आर.सी.सी. कन्सल्टंट अंदाज बांधणार.

काळ्या मातीसाठी फ्री स्वेल चाचणी यादीत आहे का, ते पाहावं. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात, दुसऱ्यात रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात आणि फुगण्यातला फरक टक्क्यांत काढतात. तो ५० च्या वर गेला, तर मातीवर थेट ओतलेली फरशी उचलली जाणार. ऑपरेशन थिएटरच्या सलग फ्लोअरिंगला ते परवडत नाही. ही चाचणी स्वस्त आहे. स्वेलिंग प्रेशरची महाग, पण फ्री स्वेल जास्त आला की तीही करावी.

आता खडक. कामाचा खरा कस इथे लागतो. बेसाल्ट झिजताना मुरमात मोठे गोटे शिल्लक राहतात. बिट (ड्रिलचं टोक) गोट्यावर टेकला की ‘खडक लागला’ म्हणून मशीन हलतं, आणि फुटिंग (खांबाखालचा पाया) खोदताना गोट्याखाली पुन्हा मुरूम निघतो. ऑर्डरमध्ये ‘सलग तीन मीटर कोअर’ असं लिहून घ्यावं, बंकरखाली पाच. कोअर ज्या नळीत येतो ती बॅरल डबल ट्यूबचीच हवी. सिंगल ट्यूबमध्ये मऊ, झिजलेला खडक दळून पाण्याबरोबर निघून जातो आणि रिकव्हरी (हाती आलेल्या कोअरचं प्रमाण) फसवी येते. खडक किती सलग आहे ते आर.क्यू.डी. सांगतो: १० सें.मी. आणि त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले त्या खेपेत ड्रिल केलेली लांबी. ड्रिलिंगमध्ये मोडलेले तुकडे जोडूनच मोजायचे. दोन लाव्हाथरांमध्ये गेरूसारखा तांबडा थर असतो. पाणी लागलं की तो मऊ पडतो, आणि कोअरच्या खोक्यात नेमकी तीच जागा रिकामी असते. रिकाम्या जागेला ‘कोअर लॉस’ म्हणून पुढे जाऊ देऊ नये. तिथे काय होतं, हे ड्रिलरला विचारावं. परत आलेल्या पाण्याचा रंग त्याने पाहिलेला असतो.

पाण्याची पातळी बोअर संपल्यावर लगेच मोजली, तर ड्रिलिंगचंच पाणी मोजलं जातं. २४ तासांनी मोजावी. मोजणी मे महिन्यातली असेल, तर पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा घ्यावी. नाहीतर रिकामी असताना एस.टी.पी.ची (सांडपाणी शुद्धीकरणाची) टाकी किंवा बेसमेंटचा राफ्ट (सलग पाया) वर चढलेल्या पाण्यावर तरंगू पाहतो. पाण्यातले सल्फेट आणि क्लोराइड त्याच नमुन्यात तपासून होतात.

रिपोर्टची छपाई बघून लॅब निवडू नये. सगळ्या बोअरना एकच एस.बी.सी. (जमिनीची सुरक्षित भारक्षमता) दिली असेल आणि ती कोणत्या खोलीला, किती रुंद फुटिंगला, किती खचणं धरून काढली हे लिहिलं नसेल, तर तो आकडा दुसऱ्या साइटवरून उचललेला असू शकतो. साइटवरच भरलेला, मातीचे डाग पडलेला फील्ड लॉग मागावा. तो देणारी लॅब थोडी महाग पडली तरी चालेल. कोअरची खोकी फुटिंगचं खोदकाम संपेपर्यंत साइटवरच ठेवायची आणि बिलाचा शेवटचा हप्ता खोदलेला तळ त्या खोक्यांशी ताडून पाहिल्यावरच द्यायचा, हे ऑर्डरमध्येच असू द्यावं.