वर्गात पोरांना बोलतं करायला मास्तराने हाक मारावी की हाताने खूण करावी?
सांगलीतल्या भरलेल्या वर्गात इंग्रजीच्या तासाला नाव पुकारलं की मागच्या बाकापर्यंत कळतं. पण बाकीची पोरं तिथेच सैल पडतात. म्हणून आधी प्रश्न, मग नाव. हाताच्या खुणेतली अडचण उघड आहे: वहीत डोकं घातलेल्याला ती दिसतच नाही. तरी माझा कल हाताकडेच. अडखळणाऱ्याचं वाक्य न तोडता उघड्या तळहाताने ‘चालू दे’ सांगता येतं, आणि आपलं तोंड बंद राहतं (आम्हा मास्तरांना हेच जड जातं). विज्ञानाच्या वर्गांत अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबताना दिसले. ३ सेकंद थांबल्यावर पोरांची उत्तरं मोठी झाली. वाक्यात भूतकाळ चुकला तर अंगठा खांद्यामागे दाखवावा, पोरगं स्वतःच ‘गो’चं ‘वेंट’ करतं. उच्चाराला मात्र बोलूनच दाखवावं लागतं.