ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी: 'रन' उघडून बघा, मग ठरवा

कुठलीही इंग्रजी डिक्शनरी हातात आली की मी आधी 'रन' काढतो. पळणं काय पहिलीतलं पोरगं पण सांगेल हो, पण सर्दीत नाक रन होतं, नळ रन होतो, दुकान रन करतात, धुताना कपड्याचा रंग रन होतो, अमेरिकेत निवडणुकीला रन करतात (आणि तिकडे ब्रिटनमध्ये त्यालाच स्टँड म्हणतात, घ्या आता!), क्रिकेटचं तर सोडाच.

ऑक्सफर्डची ती मोठी डिक्शनरी आहे ना, 1989 ची 20 खंडांची, तिच्यात 'सेट' या शब्दाची नोंद सगळ्यात लांबलचक होती, नंतर नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ! पण तिथे अर्थ इतिहासाच्या क्रमाने लावलेले, म्हणजे जुना आधी, शिकणाऱ्याला काय उपयोग त्याचा.

लर्नर्सवाली इथेच जिंकते. नेहमीचे अर्थ वर, प्रत्येकाला छोटं हेडिंग, सोप्या शब्दांत व्याख्या आणि लगेच वाक्य. 'रन आउट', 'रन इंटू', 'रन ओव्हर' असली भानगड शेवटी वेगळी काढलीय, दूध संपलं आणि गाडीखाली कुणी आलं यातला फरक कळतो एकदाचा. मराठी मीडियमच्या आठवी-नववीच्या पोरांना बेस्ट.

बाकी पुस्तक जाड आहे, दप्तरात न्यायच्या भानगडीत पडू नका. वेबसाइटवर शब्द फुकट बघता येतात, उच्चार पण ऐकू येतो. 5 पैकी साडेचार.