दादाच्या घशाची रोबोटिक सर्जरी: रुग्णालयाचा अनुभव

रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही, पण मुंबईतल्या या खासगी रुग्णालयाच्या हेड-नेक विभागाबद्दल लिहायलाच हवं.

दादाने तंबाखू-सिगारेटला कधी हात लावला नाही. त्यामुळे मानेत गाठ आली तेव्हा आधीच्या दवाखान्यात टीबी समजून गोळ्या सुरू झाल्या. इथे टॉन्सिलची बायप्सी झाली, पी१६ चाचणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे एचपीव्ही या, बहुतेकदा शारीरिक संबंधांतून पसरणाऱ्या, विषाणूमुळे झालेला कॅन्सर.

वहिनीने हळूच विचारलं, "यांना हे कुठून लागलं?" प्रश्नाचा रोख डॉक्टरांना लगेच कळला. म्हणाले, "ताई, हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी लागतो आणि आपोआप जातो. काहींच्या अंगात राहतो, कॅन्सर व्हायला कित्येक वर्षं जातात. कधी, कुणाकडून, हे कुणालाच सांगता येणार नाही." वहिनी त्यानंतर दादाशी नीट बोलायला लागली. एवढ्यासाठी या डॉक्टरांना पूर्ण मार्क.

रोबोटची जाहिरातबाजी त्यांनी केली नाही. यंत्र स्वतः काही करत नाही. सर्जन कन्सोलवर बसून तोंडातून आत गेलेले यंत्राचे हात चालवतात, जबडा कापावा लागत नाही. मानेतल्या गाठींसाठी वेगळा छेद घेतातच. "नंतर केमो-रेडिएशन दोन्ही लागणार असं दिसत असेल, तर ऑपरेशन करण्यात अर्थ नाही," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

ऑपरेशननंतर दादाच्या रिपोर्टमध्ये कापून काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ (कॅन्सरविरहित) आल्या, मानेतल्या गाठी मोजक्याच आणि कॅन्सर त्यांच्या बाहेर पसरलेला नव्हता. ट्यूमर बोर्डाने (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या गटाने) केमो टाळली आणि रेडिएशन ६०ऐवजी ५० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) ठरवलं. ऑपरेशनशिवाय केलं असतं तर केमोसोबत ७० ग्रे. आधार अमेरिकेत रुग्णांवर झालेल्या ई३३११ या क्लिनिकल ट्रायलचा: त्यात ५० ग्रे घेतलेल्या सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये दोन वर्षांनंतरही आजार उलटला नव्हता. पण दुसऱ्या ट्रायलमध्ये रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोऐवजी सौम्य समजलं जाणारं सेटुक्सिमॅब हे औषध दिलं तेव्हा निकाल वाईट आले, हेही त्यांनी सांगितलं. हवी तिथे काटछाट करून चालत नाही.

जेवण देण्यासाठी घातलेली नाकातली नळी काढायच्या आधी गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई रोज यायच्या. हनुवटी छातीकडे, अर्धा चमचा दाटसर पेज, गिळून झाल्यावर "आ" म्हणायचं, आवाज ओला येतो का (म्हणजे घशात काही अडकलंय का) ते ऐकायचं. घाई अजिबात नाही.

तक्रार बिलिंगची. २०२०पासून मेडिक्लेममध्ये रोबोटिक सर्जरी नाकारता येत नाही, पण रकमेवर मर्यादा घालता येते. आमच्या पॉलिसीत ती होती आणि काउंटरवर ते कळलं अ‍ॅडमिट झाल्यावर. भुर्दंड मोठा बसला. अंदाजपत्रक आणि विम्याची मर्यादा आधी लेखी मागा.

ऑपरेशननंतर दोनेक आठवडे घशातून रक्तस्राव व्हायची भीती असते. दादाचं घर डोंबिवलीला, म्हणून त्याला दादरला माझ्याकडेच ठेवलं. लांब राहणाऱ्यांनी ही सोय आधीच बघावी. आणि रुग्णालयात दाखवायला जाताना बायप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको.