होरी-होरी सुरी: माजलेली बेटं फोडायला कितपत कामाची?

खुरपं आणि करवत यांच्या मधलं हे जपानी हत्यार. ‘होरु’ म्हणजे खणणं, नाव त्यावरूनच आलं. पातं १७-१८ सेंटिमीटर लांब, किंचित पन्हळीसारखं खोलगट, एका कडेला सरळ धार आणि दुसरीला करवतीचे दाते. बऱ्याच पात्यांवर खोलीच्या खुणाही कोरलेल्या असतात. कुंडीतली आणि वाफ्यातली मध्यम आकाराची बेटं, म्हणजे एकाच झाडाच्या फुटव्यांचे दाट पुंजके, फोडून वेगळे करायला या मापाचं याहून चांगलं हत्यार नाही. फक्त दोन कडांची कामं वेगळी आहेत हे पक्कं ध्यानात ठेवायला हवं, कारण घोटाळा होतो तो तिथेच.

दातेरी कड तंतुमुळांच्या गुंत्यासाठी. पीस लिली किंवा शोभेचं गवत कुंडीत वर्षानुवर्षं राहिलं की मुळांचा चटईसारखा घट्ट गोळा होतो. खुरप्याचे घाव घातले तर मुळं तुटण्याऐवजी चेचतात. इथे दाते पुढेमागे ओढत सावकाश कापावं. शेवंतीचा जून, लाकडासारखा झालेला बुंधाही दात्यांनीच कापायचा. तो मधला भाग टाकूनच द्यावा, जोम कडेच्या फुटव्यांत असतो.

कर्दळ, सोनटक्का, हेलिकोनिया, आयरिस यांच्या मांसल गड्ड्यांना मात्र दाते लावू नयेत. काप खरबरीत होतो, त्यात ओल साचते आणि गड्डा तिथूनच कुजायला लागतो. सरळ धारेने एका दाबात कापावं, प्रत्येक तुकड्यावर २-३ डोळे ठेवावेत आणि काप सावलीत सुकू द्यावा. स्नेक प्लांटला तर २-३ दिवस सुकवल्याशिवाय मातीत घालूच नये. त्याच्या पिवळ्या काठाच्या जातीसाठी बेट फोडणं हाच खात्रीचा मार्ग आहे. पानाचे तुकडे लावले तर रोपं होतात, पण साधी हिरवी निघतात, पिवळा काठ उतरत नाही.

डे लिलीच्या बेटावर या सुरीची खरी परीक्षा होते. फुलांचा बहर ओसरू द्यावा. आदल्या दिवशी पाणी द्यावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी माती वाफशावर असते, ना चिखल ना कोरडी. बेटाच्या कडेपासून १० ते १५ सेंटिमीटर सोडून सुरी उभी खुपसत गोल फिरावं आणि मग खालून फावड्याने बेट उचलावं. पाण्याची धार सोडून माती धुतली की कुठला फुटवा कुठे जोडलाय ते स्पष्ट दिसतं. जेवढं हाताने सुटतं तेवढं आधी हातानेच सोडवावं, अडलेल्या सांध्यापुरतीच सुरी. तुकड्यात २-३ फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळं असावीत. पानं १५ सेंटिमीटरवर छाटावीत, कारण तुटलेल्या मुळांना सगळ्या पानांचं पाणी पुरवणं झेपत नाही. पूर्वीच्याच खोलीवर लावून भरपूर पाणी द्यावं, आणि नवं पान फुटेपर्यंत खत देऊ नये. जरबेऱ्याचं बेटही असंच फुटतं. मात्र त्याचा गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे, गाडला गेला की सडतो.

सुरीची मर्यादा आकाराची आहे. बेट रुंदीला ३० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की पातं मध्यापर्यंत पोचत नाही, आणि मग लोक ते पहारीसारखं वापरून बेट उचकटायला बघतात. तेव्हाच टोक वाकतं किंवा मूठ खिळखिळी होते. अशा बेटाला दोन दाताळी फावडी पाठीला पाठ लावून मधोमध रोवावीत आणि दांडे एकमेकांपासून दूर फाकवावेत. मुळं न चिरता बेट दुभंगतं. सुरी मग लहान तुकड्यांसाठी.

घेताना पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलंय ना, एवढं नक्की पाहावं. अर्ध्या मुठीत संपणारं पातं चिवट मुळांत टिकत नाही. कार्बन पोलादाला धार छान धरते पण ते गंजतं. स्टेनलेस ओल सहन करतं, धार मात्र वारंवार लावावी लागते. सतत ओल्या मातीत काम असेल तर स्टेनलेसच बरं. सरळ कडेला साधी कानस चालते, दात्यांना बारीक तिकोनी कानस लागते आणि ते काम वेळखाऊ आहे.

एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसावं. कर्दळीच्या पानांवर पिवळे पट्टे किंवा ठिपके दिसत असतील तर तेवढ्यावर भागत नाही. विषाणू अल्कोहोलने खात्रीने मरत नाहीत आणि फोडलेल्या प्रत्येक गड्ड्यातून पुढे जातात. ते बेट फोडू नये, मुळासकट काढून टाकावं.

दोन्ही कडा कापतात, म्हणून म्यान हवंच. पण कातडी म्यानात ओलं पातं घातलं तर ओल आतच राहते आणि गंज मुठीजवळून सुरू होतो. आधी पुसून, तेलाचा हात फिरवून मगच आत.